सासूबाई, मी आणि एकच क्लच

मी विमा कंपनीत अपघाताच्या दाव्यांच्या टेबलावर बसतो. शहरात कोणाची गाडी कोणाच्या कुंपणात घुसली हे त्याच्या घरच्यांच्या आधी मला कळतं. माणसं एरवी कशीही असोत, दाव्याच्या अर्जात फार सात्त्विक होतात. "मी माझ्या बाजूने शांतपणे जात असता सदर खांब अचानक समोर आला," असं एका गृहस्थांनी लिहिलं होतं. खांबाचा जबाब घेता येत नसल्यामुळे आम्हाला ते मान्य करावं लागलं. असली वाक्यं वाचण्यात माझे केस गेले. तेव्हा या जन्मात आपण गाडी चालवायची नाही, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. बसमध्ये खिडकीशी बसावं. अपघात झालाच तर तो ड्रायव्हरचा असतो.

तर एका शनिवारी बायको दूध डेअरीतून घरी आली, चपला काढल्या, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मला प्रयोगशाळेची प्रमुख करतायत. टेकडीपलीकडच्या नव्या डेअरीत."

मी पेपर खाली ठेवला. गेली कित्येक वर्षं ही बाई दुधात पाणी किती हे शोधते आहे. तिने ज्यांना परीक्षानळी धरायला शिकवलं ते एकेक करून तिचे साहेब झाले. ती त्याबद्दल कधी चकार शब्द काढत नाही, पण मला ते सलतं. मी म्हटलं, "मग पेढे?"

"जायला बस आहे. परतीची शेवटची बस मात्र मी सुटायच्या आधीच निघून जाते. पुढच्या शनिवारी दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. बघू." एवढं बोलून ती कणीक मळायला गेली.

आमच्या घरात 'बघू' म्हटलेली एकही गोष्ट आजवर झालेली नाही. मला रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. मेहुणा, म्हणजे हिचा भाऊ, परदेशी गेला तेव्हा त्याची गाडी सासूबाईंच्या दारात झाकून ठेवून गेला होता. जाता जाता हौसेने माझा शिकाऊ परवानाही काढून गेला होता. तो पाकिटात ग्रंथालयाच्या कार्डाशेजारी आराम करत होता. कोपऱ्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलवर तर ठळक पाटीच होती: 'एका आठवड्यात गाडी शिका. खात्रीशीर.' गाडी होती, परवाना होता, आठवडाही होता. फक्त मी कमी होतो.

सोमवारी सकाळी "ऑफिसात तपासणी आहे, लवकर जायचंय" अशी थाप मारून मी शाळेत पोचलो, तर बाकावर सासूबाई. पांढरे बूट, मांडीवर पर्स, पाठ ताठ. सासूबाई सरकारी दवाखान्यात प्रसूती विभागाच्या हेड सिस्टर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बसलेल्या असल्या तरी राउंडवर असल्यासारख्याच दिसतात.

"आई, तुम्ही इथे?"

"आधी तुम्ही इथे का ते सांगा, जावईबापू."

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "मीही त्यासाठीच आलेय. तुमचा परवाना काढला तेव्हा माझाही काढला होता त्याने. दारात गाडी कुजतेय आणि माझी पोर बससाठी नकार देणार, हे मला चालणार नाही."

"मग घरी सांगू या का?"

"अजिबात नाही. ती लगेच म्हणेल, माझ्यासाठी कोणी त्रास घेऊ नका, आणि आजच नकार देऊन मोकळी होईल. मी तिला चांगली ओळखते." ओळखतो तर मीही होतो. अशा रीतीने सासू आणि जावई एका कटात सामील झाले.

या घाईच्या कोर्समध्ये एका गाडीत दोन शिकाऊ असतात, आणि त्यांनी आळीपाळीने चालवायचं असतं. आम्हाला एकच गाडी मिळाली. पण गाडीत बसण्याआधी कचेरीतल्या बाईंनी अर्ज भरायला घेतले. "अपघात झाला तर कोणाला कळवायचं?"

मी सासूबाईंचं नाव सांगितलं. सासूबाईंनी माझं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही दोघं एकाच गाडीत असणार. म्हणजे गाडी आपटली की यांचं काय झालं ते मी तुम्हाला कळवायचं, आणि तुमचं काय झालं ते यांना?"

अशाच मुद्द्यावर मी स्वतः माणसांना परत पाठवलेलं आहे. बाई म्हणाल्या, "घरातलं तिसरं कोणी? तुमच्या मिसेस?"

"नको," आम्ही दोघं एकदम म्हणालो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. शेवटी घाईघाईत मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा नंबर दिला. सगळी गडबड तिथून सुरू झाली.

हे शेजारी एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. निवृत्त झाल्यापासून ते आमच्या इमारतीला कारखाना समजून चालतात. जिन्यात ओली छत्री दिसली की त्यांची शिट्टी वाजते. सगळे त्यांना खबरदार म्हणतात. शाळेतून त्यांना नियमाप्रमाणे फोन गेला, आणि संध्याकाळी त्यांनी मला जिन्यात गाठलं. "तुम्ही माझ्यावर जबाबदारी टाकलीत. मी ती पार पाडीन."

"अहो, नुसता नंबर दिलाय. असा फोन येणारसुद्धा नाही."

"अपघात झाल्यावर फोन येऊन काय उपयोग? माणूस तिथे आधीच हजर पाहिजे," ते म्हणाले, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू माझा अपघात होऊन गेलाय आणि फक्त जागा ठरायची आहे.

दुसऱ्या दिवसापासून खबरदार आमच्या मागे. अंगात नारिंगी जाकीट, डोक्याला हेल्मेट, स्कूटरवर पायांशी प्रथमोपचाराची पेटी आणि हँडलला लाल झेंडी. त्यांनी ही गोष्ट इमारतीतल्या प्रत्येकाला अत्यंत खासगी म्हणून सांगितली होती. त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. तळमजल्यावरच्या शिंप्याचं मत असं की क्लच शिवणयंत्राच्या पायडलसारखा दाबायचा. समोरच्या काकू म्हणाल्या, "वळताना जीभ दातांत धरू नका, आमच्या दिरांची गेली असती." हे सगळे सल्ले हळू आवाजात दिले जायचे, कारण बायकोला कळू द्यायचं नव्हतं. मी घरी आलो की अख्खा जिना कुजबुजत असायचा.

आता शिक्षणाबद्दल. मास्तरांच्या मिशा पिकल्या होत्या, तरी ते मला काका म्हणत. सासूबाईंना ते मावशी म्हणत, पण पहिल्याच दिवशी त्यांचा आवाज खाली आला. सासूबाईंनी आयुष्यभर घाबरलेल्या बायकांकडून कामं करून घेतली होती. गाडी ही त्यांना आणखी एक घाबरलेली बाई वाटली. "घाबरायचं नाही," त्या स्टीअरिंगला म्हणायच्या. "दीर्घ श्वास. आता जोर. अजून जोर. बस, आता हळूच सोड." आणि गाडी सुटायची. गाडी रडत बंद पडली तर त्या तिच्यावर रागवायच्या नाहीत, पुन्हा समजवायच्या. एकदा समोरून ट्रक आला तेव्हा मास्तरच ओरडले. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही ओरडू नका, तिला त्रास होतो." ट्रक बाजूला झाला.

माझं दुखणं वेगळं होतं. मला रस्ता दिसायचाच नाही, दावे दिसायचे. गल्लीच्या तोंडाशी आलो की मनात अर्ज उमटायचा: 'विमेदार वाहन डावीकडे वळत असता सदर सायकलस्वार...' म्हणून मी थांबायचो. सायकल जाऊ द्यायची. तिच्यामागून हातगाडी, मग शाळेची मुलं, मग त्यांच्या आया. सगळे गेले की मागे वळून बघायचं, कोणी राहिलं तर नाही ना.

"काका," मास्तर एकदा फार संयमाने म्हणाले, "ते कुत्रं बसलंय. ते कुठेही जात नाहीये. चला."

"ते उठू शकतं."

"काका, ते झोपलंय."

"म्हणूनच. दचकून उठलं तर?" मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, त्या कुत्र्याला जुलाब झालेत, त्याच्यात उठायची ताकद नाही. निघा." मी निघालो, कुत्र्याची मनोमन माफी मागून.

कळस झाला तो मोठ्या चौकातल्या वर्तुळाकार बागेपाशी. आत शिरलेल्या गाडीला पहिला हक्क, हे मास्तरांनी सांगितलं होतं. आत तर मी शिरलो. पण बाहेर पडायचं म्हणजे डावीकडच्या लेनमधल्या माणसासमोरून जायचं, आणि ते माझ्याच्याने होईना. मी बागेला फेऱ्या घालू लागलो. माझ्या मागे खबरदार. पुढे जाण्यासाठी ते शिट्टी वाजवत बाजूने आले, आणि मला जागा करून द्यायला पुढे झेंडी दाखवत हळूहळू स्कूटर चालवू लागले. आता पुढे झेंडीवाला, मागे मंद गतीने चालणारी गाडी, गाडीत गंभीर चेहऱ्याची तीन माणसं. रस्त्यावरची रहदारी आपोआप थांबली. पदपथावरच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली आणि तो मान खाली घालून उभा राहिला. त्याला बघून आणखी दोघं उभे राहिले. सासूबाई मागून शांतपणे म्हणाल्या, "कोण गेलं असं विचारतायत ते. मी सांगू का, जावईबापूंची हिंमत?" माझ्या आयुष्यात मला एवढा मान कधी मिळाला नव्हता, आणि तो घेता आला नाही.

तरीही आठवड्याच्या शेवटी मला वाटू लागलं की आपल्याला गाडी येते. क्लच तर लोण्यासारखा सुटत होता. घरी जेवताना टेबलाखाली माझा डावा पाय आपोआप वरखाली व्हायचा, आणि बायको शेजारी बसून शांतपणे कोशिंबीर वाढायची. तिने एकदाही नव्या डेअरीचं नाव काढलं नाही. मी ते वाईट लक्षण समजलो. शुक्रवारी मी सासूबाईंना दबक्या आवाजात फोन केला, "ती गप्प आहे." त्या म्हणाल्या, "उद्या परीक्षा होऊ दे. पास झालो की थेट तिच्या डेअरीत जाऊ. तिने तोंड उघडायच्या आत."

शनिवारी सकाळी परवाना कचेरीत आम्ही रांगेत पहिले होतो. खिडकीतल्या साहेबांनी माझा शिकाऊ परवाना उचलला, फोटो पाहिला, मला पाहिलं. "यात केस आहेत."

मेहुण्याने घरातला हाती आला तो फोटो चिकटवला होता. लग्नाच्या वेळचा असावा. मी म्हटलं, "गेले."

"त्याचा पुरावा?"

गेलेल्या वस्तूचा पुरावा मागणारा माणूस मला एरवी आपला वाटला असता. पण घड्याळ पळत होतं. सासूबाई पुढे आल्या. "मी यांना लग्नाच्या आधीपासून ओळखते. हे केस माझ्या डोळ्यांदेखत गेले. मी सरकारी दवाखान्यात हेड सिस्टर होते. लिहून देऊ?" त्यांनी लिहून दिलं. साहेबांनी शिक्का मारला. माझ्या टकलाची सरकारदरबारी नोंद झाली, आणि तेवढ्यात अर्धी सकाळ संपली.

पहिली परीक्षा माझी. परीक्षक मास्तरांच्या जागेवर येऊन बसले आणि त्यांनी दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले. तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी आठवडाभरात कधीच कळायला हवी होती. त्या बाजूलाही पायाखाली एक क्लच असतो. लोण्यासारखा जो सुटत होता, तो मास्तरांच्या पायाने सुटत होता. माझ्या पायाने सुटला तेव्हा गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि मेली. पुन्हा चालू केली, पुन्हा उडी. चढावर मात्र मी नीट चढलो. तिथे समोरून दुसरा परीक्षार्थी येत होता. त्याला आधी जाऊ द्यावं म्हणून मी थांबलो. तोही चांगल्या घरचा निघाला, तोही थांबला. मी हाताने 'या' म्हटलं, त्याने हाताने 'नाही, तुम्ही' म्हटलं. परीक्षकांनी बराच वेळ वाट पाहिली, मग दार उघडून उतरले आणि पायी परत गेले.

सासूबाईंच्या वेळी परीक्षक गाडीत बसताच त्या म्हणाल्या, "तुमच्या पायांना सूज आहे. मीठ कमी करा. पट्टा लावा." पुढे काय झालं ते मला लांबून दिसलं नाही, पण गाडी एकदाही थांबली नाही. उतरताना परीक्षक नाडी दाखवत होते. सासूबाई पास झाल्या.

"चला," त्या म्हणाल्या. मला दुःख करायला वेळ दिला नाही. मास्तर त्यांच्या शेजारी, मी मागे. मागे खबरदारांची स्कूटर, पण ती पहिल्याच वळणावर दिसेनाशी झाली. सासूबाईंनी त्या दिवशी कोणालाही आधी जाऊ दिलं नाही. मास्तरांचा पाय त्यांच्या बाजूच्या क्लचवर अधांतरी होता, पण खाली टेकवायची छाती नव्हती. मी मागे डोळे मिटून फक्त एकच विनवणी करत होतो, की तिने अजून 'नाही' म्हटलेलं नसू दे. केस गेले, परीक्षा गेली, तिचं मात्र काही जाऊ नये.

आम्ही डेअरीच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा ती बाहेरच येत होती. खांद्यावर डब्याची पिशवी. तिने गाडी पाहिली, स्टीअरिंगशी बसलेल्या आईला पाहिलं, मला पाहिलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

सासूबाईंनी काच खाली केली. "सांगितलंस?"

"सांगितलं."

सासूबाईंचे हात स्टीअरिंगवरून खाली आले. या बाईला मी कधी हरलेलं पाहिलं नव्हतं. "थोडं थांबली असतीस," त्या म्हणाल्या. "मी पास झाले गं. तुला रोज मी आणलं असतं."

"अगं आई, मी हो म्हटलंय."

मीच विचारलं, "पण परतीची बस?"

"साहेबांना विचारलं, सकाळी लवकर येऊन संध्याकाळी लवकर निघाले तर चालेल का. दूध तसंही सकाळी लवकरच येतं. ते म्हणाले, उलट बरंच. पाच मिनिटं लागली नाहीत."

"कधी विचारलंस?"

"सोमवारी."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आम्ही तर गावाला आठवडाभर वळसे घातले होते, झेंडीसकट. मी जरा रागानेच म्हटलं, "मग घरी सांगायचं नाही?"

"सांगणारच होते. पण त्याच संध्याकाळी खबरदार काका आले आणि तुमचा दोघांचा रक्तगट विचारून गेले. का विचारताय म्हटलं तर त्यांनी अत्यंत खासगी म्हणून सगळं सांगितलं." ती हसली, आणि मग तिचा आवाज थोडा बदलला. "बाबा गेल्यापासून आई घराबाहेर पडत नव्हती. या आठवड्यात रोज फोनवर नुसती हसत होती, कशाला ते सांगत नव्हती. आणि तुम्ही जेवताना टेबलाखाली पाय मारत बसायचात. माझ्यासाठी कोणी एवढं... म्हटलं, आत्ता सांगितलं तर दोघंही सोडून द्याल. मला ते बघायचं होतं, म्हणून नाही सांगितलं."

तेवढ्यात खबरदार धापा टाकत पोचले. त्यांनी पेटी उघडली आणि आमच्याकडे आशेने पाहिलं. "कोणाला लागलं?"

"मला," मी म्हटलं, "पण पट्टी बांधता येण्यासारखं नाही." त्यांनी तरीही माझ्या अंगठ्याला एक पट्टी चिकटवली. एवढ्या तयारीनंतर त्यांना रिकाम्या हाती पाठवणं माझ्याही जिवावर आलं होतं.

"तुमचा निकाल काय?" बायकोने विचारलं. मी खबरदारांच्या स्कूटरचं बारकाईने निरीक्षण करू लागलो. मास्तर म्हणाले, "काका पुढच्या वेळी होतील. मन फार चांगलं आहे त्यांचं." ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी असं म्हणावं याहून वाईट शेरा नाही.

बायको मागचं दार उघडून आत बसली आणि मला म्हणाली, "सरका थोडे. आई, घरी चल. आणि लांबच्या रस्त्याने चल, नवी डेअरी बाहेरून बघू."

सासूबाईंनी गाडीला दीर्घ श्वास घ्यायला सांगितला आणि आम्ही निघालो. टेकडीचा चढ लागला. उन्हात रस्ता मोकळा पडला होता. कितीतरी वर्षांनी आम्ही दोघं एकमेकांशेजारी नुसते बसलो होतो. एरवी एक उभं असतं, एक कामात असतं, नाहीतर मधे भाजीची पिशवी असते. चालवणाऱ्याला स्टीअरिंग सोडता येत नाही. मला काहीच धरायचं नव्हतं, म्हणून मी प्रमुखबाईंचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही. नापास होण्यात एवढं सुख असतं हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

सासूबाईंनी समोरच्या आरशात एकदा पाहिलं. मग हात वर करून आरसा छताकडे फिरवला.

"मावशी, मागचं काही दिसणार नाही अशाने," मास्तर म्हणाले.

"मागे सगळं ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही पुढे बघा."